एकशे साठ व्होल्ट आणि हन्नाची कॅसेट

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: जॉर्ज शांतवन उजागरे, वय वर्षे ७२, धंदा पूर्वी लाऊडस्पीकर भाड्याने देणे व दुरुस्ती, आता काही नाही, राहणार कोल्हार, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यात रक्तदाब लिहिला आहे. पण गेल्या १७ ऑगस्टला दुपारी माझ्याच शेडमध्ये मला जो धक्का बसला त्याचा उल्लेख नाही, कारण तो त्यांच्या मशीनवर दिसला नाही. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. हे मी तोंडी सांगतो व वकीलबाई ॲड. आरती निबे टाईप करतात. हे मी कोणाच्या धाकाने, भुलीने अथवा नशापाणी करून लिहीत नाही. पुढे ज्या संगीताचा विषय येणार आहे ते पाहता नशापाण्याचे वाक्य दोनदा घातले तरी चालेल, असे मी बाईंना सांगितले. त्यांनी एकदाच घातले.

कलम १. सन २००९ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते, ते आज रद्द करतो. त्यात मी असे लिहिले होते की, माझा धाकटा भाऊ नोहा शांतवन उजागरे, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, याला माझ्या मिळकतीतला एक खिळाही मिळू नये व माझ्या मातीला त्याला कोणी बोलावू नये. त्या कागदाच्या तीन प्रती होत्या. तिन्ही मी चुलीत घातल्या आहेत.

कलम २. माझी पत्नी हन्ना दिनांक ९ ऑक्टोबर २००१ रोजी वारली. आम्हाला मूलबाळ नाही. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या कष्टाची आहे. १९७८ साली दोन कर्णे आणि एका सायकलवर 'उजागरे साउंड' सुरू केले, त्यावर ती उभी राहिली. नोहा दहावी झाल्यावर माझ्या हाताखाली आला आणि पुढे वीस वर्षे माझ्याबरोबर राहिला. पहिल्या मृत्युपत्रात हे वाक्य नव्हते.

कलम ३. सर्व कर्णे व त्यांची युनिटे चर्चला द्यावीत. पाळकसाहेबांना विनंती की नाताळात आवाज कमी ठेवा म्हणून मला दरवर्षी जी चिठ्ठी पाठवत होते ती आता त्यांनी स्वतःला पाठवावी.

कलम ४. शेजारीण गोजरबाई यांना मांडवातला मोठा उभा पंखा द्यावा, तो त्यांनी गोठ्यात लावावा. हा पंखा भरपाई म्हणून नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या शेडमध्ये पोरांचा एक बँड वाजवत होता, तेव्हा त्या रोज कुंपणापाशी येऊन सांगत होत्या, "जॉर्जदादा, त्या पोरींना सांगा जरा. म्हस पान्हवत न्हाई." मी सांगत होतो की म्हैस उन्हाने आटली आहे. जूनमध्ये बँडचे काम संपले आणि म्हैस पूर्वीसारखी दूध देऊ लागली. तेव्हा माझी चूक होती असे येथे मान्य करतो. या कागदात माझी ही सर्वांत लहान चूक आहे.

कलम ५. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, काचेच्या दिव्यांवर चालणारा, मी १९८४ साली स्वतः बनवलेला, वजन एका माणसाला उचलवत नाही असे. हा सिल्व्हिया, छगन व संस्कृती या तिघांना सामाईक द्यावा. त्यांनी बँड मोडला तर ज्याच्या घरात कोरडी जागा असेल त्याने ठेवावा, पण विकू नये.

यामागचे कारण लिहिणे भाग आहे. वकीलबाई म्हणतात मृत्युपत्रात कारण लागत नाही. मला लागते.

गेल्या डिसेंबरात एक मुलगी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. केस बारीक कापलेले, पाठीला गिटार. म्हणाली, "काका, मी सिल्व्हिया. काष्टीच्या नोहाची." ते नाव माझ्या दारात तेवीस वर्षांत कोणी घेतले नव्हते. मी विचारले, काय काम आहे. ती म्हणाली, "तुमचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पायजे. पप्पा म्हणतात, तसला आख्ख्या जिल्ह्यात दुसरा न्हाई." या शेवटच्या वाक्याला मी भुललो. अट एकच घातली, की शेडमध्ये तिच्या बापाचे नाव निघता कामा नये. ती बरं म्हणाली.

मग विचारले, कसले संगीत वाजवता. म्हणाली, स्टोनर रॉक. अर्थ विचारला तेव्हा जरा घुटमळली आणि म्हणाली की परदेशात लोक गांजा ओढून हे ऐकत बसत, त्यावरून नाव पडले. आम्ही ओढत नाही, आम्हाला फक्त ते संथ आणि जड असते ते आवडते. मी गारच पडलो. आमचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी दोन पिढ्यांना दहा आज्ञा पाठ करून घेतल्या, आणि त्यांची नात मला चहा पिता पिता हे सांगत होती.

तिच्याबरोबर दोघे होते. छगन सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी येऊन बेस गिटार वाजवायचा. संस्कृती इथलीच, शेतकऱ्याची पोर, ड्रमवर बसते आणि बसली की कोणाचे ऐकत नाही. पहिल्या दिवशी मी गाणे सुरू होण्याची वाट पाहत उभा राहिलो. चार-पाच मिनिटे झाली. शेवटी छगनला विचारले, सूर लावून झाले का. तो म्हणाला, "काका, निम्मं गाणं झालं."

एका स्पीकर बॉक्सचा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, फाटलेला निघाला. मी नवा टाकायला स्क्रू काढू लागलो तर सिल्व्हियाने माझा हात धरला, "काका, नका ना! तोच तर आवाज हाय." चाळीस वर्षे मी लोकांच्या स्पीकरची घरघर काढून दिली, त्यावर घर बांधले, आणि ही पोरे ती घरघर मागायला आली होती.

यापुढची गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल, पण लिहितो. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. दिवसपाळीच्या आठवड्यात नदीकाठच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि गावठाणातले व्होल्टेज बसते. दोनशे तीसचे एकशे साठ होते. त्या आठवड्यात मी जनरेटरशिवाय कधीच कार्यक्रम घेतला नाही, कारण व्हॉल्व्हचा आवाज दबतो, गुदमरतो, लांबतो. या पोरांना तोच आवाज हवा होता, म्हणून अल्बम रेकॉर्ड करायला ती नेमकी तोच आठवडा धरून यायची. एप्रिल आणि मे असे गेले. पत्रा तापलेला, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो, आणि रस्त्यावर मनमाडकडे जाणारे ट्रक. सिल्व्हिया म्हणाली ट्रक राहू द्या. मेच्या मध्यापर्यंत माझी मती अशी फिरली की मीच मीटर धरून ओरडू लागलो, "एकशे साठ आलं! घ्या!" अल्बमचे नाव त्यांनी तेच ठेवले, 'एकशे साठ व्होल्ट', आणि माझे ते ओरडणे पहिल्या गाण्याच्या आधी तसेच ठेवले आहे. हन्ना गेल्यानंतर मी शेडमध्ये इतका हसलो नव्हतो, हेही लिहून ठेवतो.

कलम ६. सोल्डरिंगचे दोन लोखंड, मीटर, पकडी, व्हॉल्व्हचा खोका छगनला द्यावा. बारीक पेचकस मात्र कोणाला देऊ नये, माझ्याबरोबर पुरावा. त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ७. हन्नाची कॅसेट.

सन २००० च्या नाताळात मी हन्नाचा आवाज एका कॅसेटवर घेतला होता. भाकरी थापताना ती एक चाल गुणगुणायची. तिला शब्द नव्हते, ती तिचीच होती. दुसरा कुठलाही आवाज मी तिचा घेतला नाही. गावोगावच्या लोकांची भाषणे, कीर्तने, लग्नातली मंगलाष्टके माझ्याकडे ट्रंकभर आहेत, आणि बायकोची एक कॅसेट होती. हन्ना वारल्यावर दोन महिन्यांनी स्मरणाच्या उपासनेच्या दिवशी सकाळी मी ती शोधून लावली. टेप मध्यावर होती. हन्नाच्या जागी एक पुढारी बोलत होता. सोसायटीच्या चेअरमनच्या दशक्रियेतले श्रद्धांजलीचे भाषण होते ते. मी कॅसेट काढली, ट्रंकेत फेकली आणि पुन्हा कधी लावली नाही.

त्या दशक्रियेला मशीनवर नोहा बसला होता, एवढे मला आठवत होते. उपासनेला जमलेल्या सगळ्या मंडळींसमोर मी त्याला विचारले. तो म्हणाला, "दादा, मी न्हाई पुसली. तूच लावली हुती." मी त्याला खोटारडा म्हणालो आणि सर्वांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. त्याची अवजारांची पिशवी रस्त्यावर टाकली. तो दुसऱ्या दिवशी एसटीने काष्टीला गेला, तिथे शिलाईचे दुकान टाकले आणि स्पीकरला पुन्हा हात लावला नाही. आजवर मला कोणी विचारले तर मी सांगत आलो की भावाने माझ्या बायकोचा आवाज पुसला आणि वर नाकबूल झाला. लोकांनी माझे ऐकले. मी मोठा होतो आणि मी विधुर होतो.

आता १७ ऑगस्ट. रविवार होता, उपासना आटपून लोक आले. प्रकाशन सोहळा गावच्या रीतीने झाला: फ्लेक्स, शाल, नारळ, पाळकसाहेबांची प्रार्थना. अल्बम त्याच दिवशी इंटरनेटवर टाकला, आणि पन्नास कॅसेटही केल्या होत्या, त्या मी माझ्या डबल डेकवर भरून दिल्या. चाळीसेक माणसे पत्र्याखाली बसून ऐकत होती आणि कोणाच्याही चेहऱ्यावर रंग राहिला नव्हता. दुसऱ्या गाण्यानंतर गोजरबाई मोठ्याने म्हणाल्या, "हे गाणंच हाय व्हय? मला वाटलं ट्रॅक्टर फसला कुटं." तरी त्या उठल्या नाहीत. पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

शेवटच्या गाण्याआधी सिल्व्हिया माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, हे तुमच्या ट्रंकेतल्या कॅसेटवरनं केलंय. शेवटाचं कॅसेटमंदी भरलं न्हाई, फक्त इथं आन् इंटरनेटवर हाय. तुमी खाली बसा." मी बसलो नाही. ट्रंकेतले काय हवे ते घ्या, असे मीच सांगितले होते. मला वाटले, एखादे कीर्तन असेल.

आधी एक पुढारी बोलू लागला, त्याचे भाषण निम्म्या वेगाने लावलेले, विहिरीतून यावे तसे. लोक हसले. मग ड्रम आणि दोन्ही गिटारी आल्या. आणि त्या भाषणाच्या खालून, फार बारीक, एक बाई गुणगुणू लागली. मी ती चाल ओळखली. माझ्या हातातला नारळ सुटला आणि गडगडत ड्रमखाली गेला. टेम्पोवाल्या भिमाजीने मला मागून धरले. चोवीस वर्षांपूर्वी मातीत ठेवलेली बायको माझ्याच अ‍ॅम्प्लिफायरमधून, फाटक्या कोनातून भाकरीची चाल म्हणत होती, आणि मी काय करावे मला कळेना.

ते कसे झाले हे मला तिथेच उभ्या उभ्या समजले. माझ्या रेकॉर्डरचे हेड, म्हणजे टेपवरचे जुने पुसून नवा आवाज उतरवणारा भाग, मी स्वतः पेचकसाने पिळून किंचित खाली बसवले होते. त्याने भाषण खणखणीत येते अशी माझी समजूत होती, आणि धंद्यात मी कोणाचे ऐकत नव्हतो. असे वाकडे हेड जुने सगळे पुसत नाही. टेपच्या कडेला केसाएवढी पट्टी राहून जाते. सिल्व्हियाने सरळ हेडच्या मशीनवर ती ऐकली आणि संगणकावर मोठी केली.

गाणे तिथे संपायला हवे होते. संपले नाही. वाद्ये थांबली आणि टेपची अगदी सुरुवात लागली, भाषणाच्या आधीची, टेबलावरचा माईक उघडा राहिला होता तेव्हाची. दशक्रियेची गर्दी, आणि दोन माणसे. ते शब्द मी येथे जसेच्या तसे लिहवून घेत आहे, कारण हा कागद सरकारदरबारी राहील.

नोहाचा आवाज: "दादा, थांब. ही कोरी न्हाई. वहिनीचं गाणं हाय ह्याच्यात."

माझा आवाज: "आसू दे. साहेब उभं ऱ्हायलं."

नोहाचा आवाज: "आरं दादा, बंद कर, दुसरी आनतो मी टेम्पोतनं."

माझा आवाज: "हात काढ! हन्ना घरातच हाय. परत गाऊन घेऊ."

तेव्हा हन्ना खरेच जिवंत होती, घरात स्वयंपाक करत असणार. तिचा आवाज कॅसेटमध्ये असला काय आणि नसला काय, असे मला वाटले असणार. मला ते काहीच आठवत नाही. मी देवासमोर सांगतो की मला आठवत नाही. पण आवाज माझा आहे.

सगळे लोक माझ्याकडे पाहत होते. मी त्या मुलीला विचारले, तुझ्या बापाला हे माहीत आहे का. ती म्हणाली, "आधी त्यांनाच ऐकवलं. ते म्हणाले, टाकू नको, दादाची चारचौघांत शोभा व्हईल." मी विचारले, मग का टाकलेस. ती म्हणाली, "तुमी बी त्यांची चारचौघांतच केली हुती."

आणखी एक गोष्ट तिने त्या दिवशी सांगितली. चर्चमध्ये लग्न झाले की रजिस्टरवर दोन साक्षीदार सही करतात. काष्टीला कोणाचेही लग्न असो, लोक नोहाला बोलावतात, आणि तो हात जोडून मागे सरतो. आजवर त्याने कुठल्याच कागदावर साक्षीदार म्हणून सही केलेली नाही. विचारले तर म्हणतो, सख्ख्या भावाला माझा शब्द खरा वाटला न्हाई, तुमच्या कागदाला माझी सही कशाला.

कलम ८. मूळ कॅसेट नोहाला द्यावी. अल्बममधले शेवटचे गाणे कोणीही, कोणत्याही कारणाने काढू नये. चर्चच्या मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी मला सुचवले की गांजाच्या नावाच्या संगीतात हन्नाचा आवाज शोभत नाही, आणि दादा, तुमची अब्रूही जाते. हन्नाचा आवाज चोवीस वर्षे पुढाऱ्याच्या भाषणाखाली दबून होता, तो मला तिथे शोभत नव्हता. अब्रूचे म्हणाल तर ती जाऊ द्यावी. माझ्या मातीच्या वेळी मात्र हे गाणे लावू नये. अकरा मिनिटे उन्हात उभे राहणारी माणसे आमच्याकडे नाहीत.

कलम ९. कोल्हार येथील राहते घर व रस्त्यालगतची पत्र्याची शेड, जागेसह, माझा भाऊ नोहा यास द्यावी. त्याने न घेतल्यास अथवा त्याला घेता न आल्यास ती सिल्व्हियाला मिळावी.

हे कलम टाईप करताना वकीलबाई थांबल्या. म्हणाल्या, "काका, भावाची माफी मागायला मृत्युपत्र कशाला लागतं? बस जाते की काष्टीला." मी तीन वेळा कोल्हारच्या स्टँडवर गेलो. एकदा तिकीटही काढले. गाडीत चढायला जमले नाही. मी त्याला कोणत्या तोंडाने भेटू, हा प्रश्न बाहेरच्याला सोपा वाटतो. शेवटी सिल्व्हियाबरोबर निरोप धाडला की तुझ्यासाठी लिहून ठेवतो आहे. त्याचा निरोप आला, "दादाला म्हनावं, मेल्यावर वाचायचा कागद मला नको." यावरून तो येणार नाही असे मी धरून चाललो आहे. साक्षीदार म्हणून भिमाजी व डॉक्टरसाहेब यांना सांगितले आहे.

कलम १०. या मृत्युपत्राची व्यवस्था ॲड. आरती निबे यांनी पाहावी. त्यांनी माझे बरेच ऐकून घेतले आहे.

कलम ११. हे कलम सह्या होण्यापूर्वी, आज दुपारी, माझ्या सांगण्यावरून जादा घातले आहे.

आम्ही सह्यांना बसलो होतो तेवढ्यात नोहा आला. सिल्व्हियाच्या गाडीवर मागे बसून. केस पांढरे झाले आहेत, चष्मा लागला आहे, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिली होती. मी उठलो. तो म्हणाला, "बस दादा." मग वकीलबाईंना म्हणाला, "वाचा काय लिवलंय ते." बाईंनी पहिल्यापासून वाचले. सातव्या कलमाला त्याने चष्मा काढला. नवव्याला मान हलवली. वाचून झाल्यावर एवढेच विचारले, "साक्षीदार कोन हायेत?"

बाईंनी नावे सांगितली. तो डॉक्टरसाहेबांना म्हणाला, "साहेब, तुमची जागा मला द्या."

वकीलबाई घाबरल्या. म्हणाल्या, "थांबा. आपल्या ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्राला कायदा कडक आहे. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर घर, शेड, कॅसेटसुद्धा, सगळं गेलं."

नोहा म्हणाला, "घर हाय मला. आन् गानं पोरीच्या मोबाईलमंदी हाय. पेन द्या."

मी म्हणालो, अरे, चोवीस वर्षांचे काहीतरी घे. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तेच घेतोय, दादा."

म्हणून घर व शेड नवव्या कलमाप्रमाणे सिल्व्हियाला जावी, कॅसेटही तिलाच द्यावी. बाकी मजकूर तसाच आहे. तो मी ऐकला, समजलो, आणि मी दोन्ही साक्षीदारांसमोर व त्यांनी माझ्यासमोर सही केली.

ठिकाण: कोल्हार, उजागरे साउंडची शेड
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार, दिवसपाळीची लाईट

मृत्युपत्र करणार:
(सही) जॉर्ज शांतवन उजागरे

साक्षीदार १:
(सही) भिमाजी खर्डे, टेम्पो मालक, कोल्हार

साक्षीदार २:
(सही) नोहा शांतवन उजागरे, शिलाई काम, काष्टी

साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिलेला मजकूर: कॅसेट मी पुसली नव्हती.

त्याखाली मृत्युपत्र करणाराच्या हस्ताक्षरात: खरे आहे.
(सही) जॉर्ज शांतवन उजागरे